पहिला संघ पाठवणारे दोराबजी टाटा



टाटा हे नाव तुम्ही रस्त्यावरच्या मालमोटारीवर वाचता, मिठाच्या पुडीवर वाचता. जमशेदजी टाटांचे नावही तुमच्या कानावरून गेले असेल. पण आपल्या देशाचा पहिला संघ ऑलिंपिकला पाठवण्यासाठी जमशेदजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा झटले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मला ती फार आवडते. म्हणून आज त्यांचीच हकीकत सांगतो.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. पुढे ते शिकायला इंग्लंडला केंब्रिजला गेले. तिथे अभ्यासाबरोबर क्रिकेट आणि फुटबॉलही खेळले. खेळाची गोडी लागली ती कायमचीच. मुंबईला परत येऊन १८८२ मध्ये ते पदवीधर झाले. काही काळ एका वर्तमानपत्रात काम केले आणि मग वडिलांच्या धंद्यात शिरले. १९०४ मध्ये जमशेदजी वारले. लोखंड-पोलादाचा कारखाना काढायचा आणि पाण्यापासून वीज तयार करायची, ही त्यांची स्वप्ने अर्धीच राहिली होती. ती मुलाने पुरी केली. १९०७ मध्ये पोलादाची कंपनी उभी राहिली. १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

आता खेळाकडे वळू. १९१९ साल होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याने शर्यती भरवल्या होत्या आणि अध्यक्ष म्हणून दोराबजींना बोलावले होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोर. पायांत काही नाही, कुणी शिकवलेले नाही, मैदानही धड नाही. तरी गडी असे पळाले की दोराबजी बघतच राहिले! युरोपातल्या शर्यतींत लागणारा वेळ त्यांना माहीत होता. त्यांनी मनाशी ताडून पाहिले. आपल्या अनवाणी मुलांचा वेळ त्याच्या जवळपास जात होता!

बघा हं, पळणारी पोरे तर सगळ्यांनाच दिसत होती. पण ही पोरे जगाच्या मैदानात उतरू शकतील, हे दोराबजींनी ओळखले.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९२० मध्ये, बेल्जियम देशातल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिक व्हायचे होते. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड भारताच्या नावाने एकटेच धावले होते आणि दोन रौप्यपदके मिळवून गेले होते. पण संघ म्हणून आपले कुणी गेले नव्हते. देशावर इंग्रजांचे राज्य होते. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे हा विषय काढला आणि त्यांचे साहाय्य मिळवले. मग एक समिती नेमली गेली.

या समितीची एक गंमत सांगतो. शंभर यार्ड धावायला किती वेळ लागावा, असा प्रश्न निघाला. एका मोठ्या सभासदांनी एक ते दोन मिनिटे असे सांगून टाकले! इथे मिनिटांचे काम नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाचे काम आहे, हे कळल्यावर ते थक्कच झाले. आपल्याकडे तेव्हा खेळाची माहिती किती कमी होती, ते यावरून कळते.

अखेर चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी पदरचा दिला. मुंबईहून बोटीने मंडळी निघाली, इंग्लंडात काही आठवडे सराव केला आणि अँटवर्पला पोचली.

तिथे काय झाले? पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावले, पण पहिल्याच फेरीत मागे पडले. मल्ल कुमार नवले पहिलीच कुस्ती हरले. सदाशिव दातार यांची मॅरेथॉन पुरी झाली नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले मात्र शेवटपर्यंत धावले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटर होती. आपल्या मैदानाची फेरी २०० मीटरची धरली, तर जवळजवळ २१४ फेऱ्या झाल्या! चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटांत संपवली आणि १९ वा नंबर पटकावला. कुस्तीत रणधीर शिंदे तर पदकाच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्या नंबरासाठीची कुस्ती हरले आणि चौथे आले.

म्हणजे पदक एकही नाही. संघ रिकाम्या हाताने परत आला. दुसऱ्या कुणी पैसे बुडाले म्हणून नाद सोडला असता. दोराबजींनी तसे केले नाही. १९२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकला पुन्हा संघ गेला आणि त्यालाही त्यांनी हातभार लावला. त्याच वर्षी त्यांचा पोलादाचा कारखाना बुडायला आला होता, बरं का! कामगारांच्या पगारालाही पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी आपली सगळी मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाई यांचा मोठा हिरासुद्धा बँकेत गहाण टाकला. कारखाना वाचला.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले. आणि पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमला आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. पाच सामन्यांत २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही! पहिल्या संघाला जाऊन अवघी आठ वर्षे झाली होती.

१९३१ मध्ये मेहेरबाई वारल्या. त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यायला दोराबजी इंग्लंडला निघाले होते. वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. आपली संपत्ती त्यांनी लोकांच्या उपयोगासाठी विश्वस्त निधीला देऊन टाकली होती. त्याच निधीतून १९४१ मध्ये मुंबईत कर्करोगाचे टाटा रुग्णालय उघडले.

शिंदे यांच्या हातून निसटलेला तिसरा नंबर १९५२ मध्ये मिळाला. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. ही वाट शिंदे, चौगुले आणि त्यांच्या सोबत्यांनी पाडलेली होती. पहिला जाणारा बहुधा हरतोच, पण रस्ता त्याच्यामुळेच कळतो.

मुलांनो, आपल्या मैदानावर शर्यत लागली की आपण फक्त पहिल्याचे नाव फळ्यावर लिहितो. यापुढे शेवटी आलेल्याचाही वेळ वहीत टिपून ठेवू या. पुढच्या वर्षी तो ताडून बघता येईल.