सलीम अली : एका जागी थांबून पाहणारा माणूस

हिवाळ्यात पहाटे गावाबाहेरच्या पायवाटेवर पक्षी पाहायला निघालेल्या गटाच्या हाती दुर्बीण असते, वही असते, हल्ली भला मोठा कॅमेराही असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या अभ्यासाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर मात्र बंदूक असे. हे सारे अंतर ज्यांच्या एका आयुष्यात मावले, ते डॉ. सलीम अली.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक लवकर आली. दहा-बारा वर्षांच्या सलीमने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी ओळखलीच. शिवाय कपाटे उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले. आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात पुढची वीस-पंचवीस वर्षे फार आडवळणांची गेली.

ब्रह्मदेशात तव्हॉयला घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात त्यांचे लक्ष पाखरांकडेच अधिक राहिले. परतल्यावर त्यांनी हिशेबशास्त्र शिकले, प्राणिशास्त्रही शिकले. पण विद्यापीठाची पदवी हाती नव्हती आणि तिच्यावाचून सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरी लागली. ती करता करता ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास शिकले. 1930 मध्ये परत येतात तो, पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. हातात काम नव्हते, आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ती त्यांनी पावसाळ्यात तासन्‌तास, दिवसामागून दिवस पाहिली. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडले तर एखादी मुक्काम करते आणि मगच नर उरलेले काम पुरे करतो. तिथे अंडी घातली गेली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. आपल्या भाषेने या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी ठेवून विणकामाचे सगळे श्रेय मादीला देऊन टाकले आहे, ही गंमत मराठी वाचकाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. या निरीक्षणांवरच्या लेखाने त्यांचे नाव पक्षिशास्त्रात पक्के झाले. बेकारीतल्या माणसाने, एका खेड्यात, घराजवळ बसून केलेले काम होते ते.

पुढे संस्थानांच्या मदतीने पक्ष्यांची पाहणी सुरू झाली : हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, नंतर बडोदे. रानातल्या छावण्यांची व्यवस्था तहमिना पाहत. 1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, सामान्य वाचकासाठी लिहिलेले 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आले. रंगीत चित्रांच्या त्या पुस्तकाने शाळकरी मुलालाही दारचा पक्षी नावानिशी ओळखता येऊ लागला. आजच्या निरीक्षण सहलींची खरी सुरुवात या पुस्तकापासून धरावी, असे मला वाटते. डिलन रिप्ले यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ अभ्यासकांचा. हे पुस्तक तुमचे-आमचे.

संग्रहालयासाठी त्यांनी स्वतः पक्षी मारले होते आणि ते कधी लपवले नाही. तरीही भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. गेटी पुरस्कार त्यांना मिळाला, आणि 1976 मध्ये पद्मविभूषणही. त्याच वर्षी रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी लिहिलेला गोव्याच्या पक्ष्यांवरचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

20 जून 1987 रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते गेले. पुढच्याच वर्षी मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरची खारफुटी त्यांच्या नावाचे अभयारण्य झाली. जागा जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीबोटीने गाठता येते. एका सकाळी किती जाती मोजल्या याची चढाओढ आता आपल्या गटांतही दिसते. चोडणला ती फारशी चालत नाही. खारफुटीच्या गर्दीत चालणाऱ्याला पक्षी कमी दिसतात. गटाने बोलणे थांबवून एका जागी अर्धा तास काढला, तर ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार उतरतात, आणि मघापासून फांदीवरच बसलेला खंड्या तेव्हा कुठे नजरेला पडतो.