हवेचे वजन आणि पास्कलचे दाजी

मागच्या वर्षी आमच्या शाळेची सहल कळसूबाईला गेली होती. मला दम लागतो, म्हणून मी वर गेलो नाही. पायथ्याला बाईंजवळ बसून सगळ्यांच्या पिशव्या राखल्या. मला लई वाईट वाटले. दुपारनंतर मुले खाली आली. माझ्या मित्राने शिखरावर पाणी संपवून रिकाम्या बाटलीचे बूच घट्ट लावले होते. खाली आल्यावर ती बाटली चेपलेली दिसली. मी म्हणालो की तू तिच्यावर बसला असशील. तो शपथ घ्यायला लागला. बूच फिरवले तर फस्स आवाज झाला आणि बाटली परत फुगली! आम्ही गुरुजींना विचारले. तेव्हा त्यांनी पास्कल यांची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

ब्लेझ पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्स देशात क्लेरमाँ या गावी झाला. ते तीन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्यांना दोन बहिणी होत्या, थोरली जिल्बेर्त आणि धाकटी जॅकलिन. पास्कल शाळेत गेलेच नाहीत. वडील घरीच शिकवत. वडिलांनी ठरवले की आधी भाषा, मग गणित. म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके दूर ठेवून दिली. (आमच्या घरी कुणी अशी ठेवली तर बरे होईल!) पण पास्कल फरशीवर कोळशाने आकृत्या काढत बसायचे. वर्तुळाला ते गोल म्हणत आणि रेषेला काठी. बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना असे पकडले. पण मारले नाही, उलट पुस्तके आणून दिली.

पुढे वडिलांना सरकारी कर वसुलीचे काम मिळाले. ते रात्र रात्र हिशेब करत बसत. ते पाहून १६४२ साली पास्कल यांनी हिशेबाचे यंत्र बनवायला घेतले. त्यात दातेरी चक्रे होती. नऊनंतर चक्र फिरले की हातचा आपोआप पुढच्या घरात जायचा. मी हातचा नेहमी विसरतो, म्हणून मला हे यंत्र फार आवडले.

आता हवेची गोष्ट. इटलीत टॉरिचेली नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १६४४ च्या सुमारास एका बाजूने बंद असलेल्या काचेच्या लांब नळीत पारा भरायला लावला आणि ती नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. सगळा पारा खाली सांडायला पाहिजे होता ना? पण तो सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर रिकामी जागा राहिली. टॉरिचेलींना वाटले की बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला दाबते, म्हणून नळीतला पारा उभा राहतो. पण पुष्कळ विद्वानांना हे पटेना. ते म्हणत की निसर्गाला पोकळी आवडत नाही, म्हणून तसे होते.

पास्कल यांनी विचार केला, आपण हवेच्या तळाशी राहतो. दहा गोधड्यांची चळत असली तर सगळ्यात खालची जास्त दबते, वरची कमी. तसेच डोंगरावर गेले तर डोक्यावरची हवा कमी होणार आणि पारा खाली उतरणार. आणि निसर्गाला पोकळी आवडत नसेल, तर ती पायथ्याला आवडत नाही आणि शिखरावर चालते, असे कसे होईल?

पण ते राहत होते पॅरिसला, तिथे डोंगर नाही. शिवाय ते कायम आजारी असत. डोके दुखायचे, पोट दुखायचे. म्हणून नोव्हेंबर १६४७ मध्ये त्यांनी गावाकडच्या दाजींना, म्हणजे जिल्बेर्तच्या यजमानांना पत्र लिहिले. दाजींचे नाव फ्लोरँ पेरिए. क्लेरमाँजवळ प्वी द दोम नावाचा १४६५ मीटर उंच डोंगर आहे. (आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपली जास्त!) दाजींना लगेच जमले नाही. दहा महिने गेले.

शेवटी १९ सप्टेंबर १६४८ ला सकाळी दाजी गावातली काही मोठी माणसे घेऊन निघाले. आधी गावातल्या एका मठाच्या बागेत त्यांनी दोन नळ्या उभ्या केल्या. दोन्हींत पारा सारखाच, सुमारे ७१ सेंटिमीटर. मग एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या एका साधूंना सांगितले की दिवसभर हिच्याकडे बघत बसा. दुसरी नळी घेऊन सगळे डोंगरावर गेले. ते बागेपेक्षा जवळजवळ हजार मीटर वर चढले. तिथे पारा ६३ सेंटिमीटरच्याही थोडा खाली आला होता! त्यांनी आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात असे पाच वेळा करून पाहिले. तितकाच आला. उतरताना मध्येच थांबून मोजले तर सुमारे ६८. खाली आले तर परत ७१.

आणि साधूंनी सांगितले की खालचा पारा दिवसभर जागचा हलला नाही. मला सगळ्यात जास्त हे आवडले. ते खाली बसले नसते तर कुणीही म्हणाले असते की त्या दिवशी हवामानच बदलले, डोंगराचा काही संबंध नाही. पण पुस्तकात दाजींचे चित्र असते, साधूंचे नसते.

पत्र मिळाल्यावर पास्कल यांनी पॅरिसच्या एका उंच मनोऱ्यावर स्वतः करून पाहिले. तिथेही पारा उतरला, पण थोडाच.

म्हणजे मित्राच्या बाटलीत शिखरावरची कमी दाबाची हवा होती. खाली जास्त दाबाच्या हवेने तिला चेपले. मग आपण का चेपत नाही? कारण आपल्या आतूनही तेवढाच दाब असतो.

१६६२ मध्ये पास्कल यांनी पॅरिसला भाड्याच्या घोडागाड्या सुरू करायला लावल्या. त्या ठरलेल्या रस्त्याने आणि माणसे कमी असली तरी वेळेवर सुटायच्या, आपल्या एस्टीसारख्या. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ते वारले. वय फक्त ३९. १९७१ पासून दाबाच्या मापाला पास्कल हे नाव आहे. वादळाच्या बातमीत हेक्टोपास्कल म्हणतात, ते हेच.

पालकांनो, पारा विषारी असतो, म्हणून गुरुजी तो आम्हाला हाताळू देत नाहीत. या वर्षी आम्ही दोन बाटल्या घेणार आहोत. दोन्हींची बुचे पायथ्याला उघडून घट्ट लावायची. एक वर जाईल आणि फुगते का ते मुले बघतील. दुसरी खाली माझ्याजवळ राहील. मी वहीत दर अर्ध्या तासाने लिहिणार आहे.

– इयत्ता चौथी