कापूस, विस्तव आणि इमाम गझाली

कापसाला विस्तव लागला की कापूस पेटतो. यात विचार करण्यासारखे काय, असे कोणीही म्हणेल. इमाम अबू हामिद गझाली मात्र नेमके इथेच थांबले.

आजच्या इराणातल्या तूस गावी १०५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. निशापूरला इमाम जुवैनींकडे शिक्षण झाले आणि १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमले. तिथे ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला गेला. त्याच्या १७व्या प्रकरणात हा कापूस येतो.

डोळ्यांना दिसते ते इतकेच, की विस्तव टेकला आणि कापूस जळाला. विस्तवानेच जाळला, दुसरे काही होणे शक्यच नव्हते, हे कोणालाच दिसत नाही. ती जोडणी सवयीची. गझालींच्या मते दोन्ही गोष्टी अल्लाहच्या इच्छेने एकत्र घडतात. त्याने ठरवले तर कापूस कोरा राहील. हजरत इब्राहीम आगीतून सुखरूप निघाले, ती कथा त्यांच्यासमोर होतीच.

मग घरी ठेवलेल्या पुस्तकाचा उद्या घोडा होईल काय? हा आक्षेप त्यांनी स्वतःच काढला. होऊ शकणे वेगळे आणि होणे वेगळे, हे त्यांचे उत्तर. सृष्टीचा रिवाज ठरलेला आहे, आणि पुस्तक पुस्तकच राहील ही जाणीवही अल्लाहनेच माणसाला दिली. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असणे, हे मात्र मुळातच अशक्य. ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारे धर्माचेच नुकसान करतात, हेही त्याच ग्रंथात आहे. गझालींना विज्ञानाचे वैरी ठरवणारे नेमके तेवढे विसरतात.

१०९५ मध्ये शिकवता शिकवता त्यांची वाचा बसली, घास उतरेना. हकीम थकले. मानाचे पद सोडून ते दमिश्क, जेरुसलेम आणि पुढे हजला गेले. ‘इह्या उलूमिद्दीन’ या थोर ग्रंथात त्यांनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: पोटाचा, मग डोळे-कान-जिभेचा आणि शेवटी मनाचा. बी न पेरता पिकाची वाट पाहणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नव्हे, वेडेपणा आहे, हेही त्यातच. पऱ्हे टाकल्याशिवाय रोवणी होत नाही, हे गोंदियाच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

डिसेंबर ११११ मध्ये ते तूसलाच वारले. पुढे कुर्तुब्याच्या इब्न रुश्द यांनी ग्रंथ लिहून उलट विचारले, की कारणेच नाकारली तर ज्ञान कशाचे? प्रश्न वजनदार होता. आणि १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांनी, देवाला मध्ये न आणता, जवळपास गझालींचीच शंका पुन्हा काढली.