पावलांचा खेळ

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आमचं भूगाव येतं. गाव कुस्तीचं. २०१७ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या इथेच रंगल्या होत्या. इथले जुने जाणते तालमीतल्या पोराचे दंड नंतर बघतात, आधी त्याचं उभं राहणं बघतात. बँकेतून निवृत्त होऊन मी इथे राहायला आलो आणि त्यांचं ऐकून ऐकून मलाही माणसांच्या पायांकडे बघायची सवय लागली.

आता माझी बारा वर्षांची नात रोज संध्याकाळी टेनिस खेळते आणि मी बाकावर बसून तिचे पाय बघतो. तिच्या फटक्यात फारसा जोर नाही. पण चेंडू खाली राहिला की ती कमरेतून वाकत नाही, गुडघ्यातून बसते. जाळीजवळ आलेला, जमिनीला टेकू पाहणारा चेंडू ती असा अलगद उचलते की समोरचा नुसता बघत राहतो. तिचे प्रशिक्षक याच गोष्टीवर खूश आहेत. मुलगी पुढे जाईल, असं त्यांनी गेल्या महिन्यात माझ्या मुलीला सांगितलं आणि त्याच दमात, तिचा भरतनाट्यमचा क्लास आता बंद करा, असंही सांगितलं. एका वेळी एकच काहीतरी धरावं, हे त्यांचं म्हणणं.

मुलीनं रात्री जेवताना मला विचारलं, काय करू? मी गप्प राहिलो. गप्प राहण्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी, ती दहावीत गेली तेव्हा, तिची रॅकेट मीच माळ्यावर टाकली होती. एका वेळी एकच, हे वाक्य तेव्हा आमच्या घरात माझं होतं.

त्या रात्री मला लीला राव यांची फार आठवण झाली. आज हे नाव किती घरांत ठाऊक असेल, शंकाच आहे. पण एके काळी ते देशभर गाजलं होतं. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे आपल्या मुंबईच्या लीला राव.

त्यांचं घराणं पाहिलं की आपण थक्क होतो. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, मूळचे कोकणातले, वेदांचे गाढे अभ्यासक. सायणभाष्यासह अथर्ववेद त्यांनी संपादित केला. तुकोबांच्या गाथेची जी प्रत आपण प्रमाण मानत आलो, तिच्या सिद्धतेतही त्यांचा हात होता. १८९४ साली ते गेले, तेव्हा त्यांची पुण्यात जन्मलेली मुलगी क्षमा जेमतेम चार वर्षांची होती. वडिलांकडून शिकायची वेळच आली नाही. तरीही ही मुलगी पुढे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव म्हणून नावाजली. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. ज्या तुकोबांच्या गाथेसाठी वडील झिजले, त्या तुकोबांचं चरित्रही त्यांनी संस्कृत श्लोकांत रचलं. आणि गंमत म्हणजे, याच क्षमाबाई १९२०च्या दशकात देशातल्या आघाडीच्या टेनिसपटूंपैकी एक होत्या. श्लोक रचणारा हात संध्याकाळी रॅकेट धरत होता. पती डॉ. राघवेंद्र राव मुंबईतले नामांकित डॉक्टर. या घरात १९११ साली लीलाचा जन्म झाला.

आईच्या एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात रॅकेट बघत वाढलेल्या मुलीला, यातलं एक सोड, असं कोण सांगणार? १९३१ साली, विशीतच, लीला अखिल भारतीय अजिंक्यपदाच्या मानकरी झाल्या. १९३४ साली त्या विंबल्डनला उतरल्या. हे वर्ष इंग्रजांच्या घरच्या दिवाळीचं होतं. पुरुषांत फ्रेड पेरी आणि महिलांत डोरोथी राउंड, दोघं इंग्रजच विजेते ठरले. त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत लीला राव यांच्यासमोर ग्लॅडिस साउथवेल ही इंग्रज खेळाडू होती. सामना तीन सेटपर्यंत गेला आणि तो लीलाबाईंनी जिंकला. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफकडून त्या हरल्या. त्यांच्याआधी जेनी सँडिसन तिथे खेळून आली होती, पण विजयाची नोंद लीलाबाईंच्या नावावर लागली.

आता टेनिस न खेळलेल्या वाचकांना एक सांगायला हवं. हिरवळीवर चेंडू उसळत नाही, घसरतो. मातीच्या कोर्टावर तो कमरेपर्यंत येऊन भेटतो, हिरवळीवर आपणच खाली जाऊन त्याला भेटावं लागतं. त्या वेळच्या रॅकेटी लाकडी, जड आणि लहान तोंडाच्या. नुसत्या दंडाच्या ताकदीवर काम भागत नसे. चेंडूपाशी वेळेवर पोचणं, गुडघ्यात बसणं आणि तोल न जाऊ देता पुन्हा उभं राहणं, यावरच सगळा खेळ. म्हणजे पुन्हा पावलंच!

आणि पावलांशी लीलाबाईंचं दुसरंही नातं होतं. नृत्य हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यासाचा विषय. १९४८ साली त्यांचं ‘नृत्तमंजरी’ हे पुस्तक आलं. आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटकं लिहिली. या सगळ्यापायी टेनिस मागे पडलं म्हणावं, तर तसंही नाही. १९३१ ते १९४३ या काळात अखिल भारतीय अजिंक्यपद त्यांनी तब्बल सात वेळा पटकावलं. शेवटचं मिळवलं तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. त्याच वर्षी सनदी अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर गंगटोक, मग नेपाळ असा हिमालयाच्या कुशीतला संसार. १९५४ साली आई गेली. १९६४ साली नेपाळात राजदूत असतानाच पती गेले. आईचं साहित्य लोकांपुढे ठेवण्याचं काम मात्र लीलाबाईंनी निष्ठेनं केलं.

बँकेत आम्ही खात्याच्या दोन बाजू जुळवत असू. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. आयुष्यालाही मी हाच नियम लावला. नाच जमेला तर खेळ नावे, असा हिशेब मांडला. तो चुकला, हे कळायला नात जन्मावी लागली. लीलाबाईंच्या खात्यात दोन्ही गोष्टी जमेलाच दिसतात. नृत्यानं त्यांचा खेळ घडवला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण नृत्यानं त्यांचा खेळ बुडाला नाही, याला सात अजिंक्यपदं साक्षीला आहेत.

काल संध्याकाळी मी बाकावरून उठून प्रशिक्षकांशी बोललो. माणूस चांगला आहे, वयानं माझ्या मुलाएवढा. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्हाला आवडणारं हे गुडघ्यात बसणं मुलगी कुठे शिकली असेल? ते विचारात पडले. मग मीच सांगितलं. भरतनाट्यममध्ये त्याला अरमंडी म्हणतात. सहाव्या वर्षापासून ती दर रविवारी सकाळी तेच करते आहे.

ते हसले. क्लास बंद करण्याचा विषय निदान या वर्षापुरता तरी मिटला. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, आणि ते तिलाच विचारून ठरवू.

घरी येऊन मी मुलीची जुनी रॅकेट माळ्यावरून काढली. तारा तुटल्या आहेत, दांड्याचं वेष्टन निघालं आहे. दुरुस्त करून मिळेल का, म्हणून उद्या पुण्यात चौकशीला जाणार आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.