स्केलेटर परग्रहावरचा, निळू फुले वाड्यातले: मराठी खलनायकाची भीती का वाटायची?

दूरदर्शनवर 'ही-मॅन' पाहिलेल्या पिढीला कवटीच्या तोंडाचा स्केलेटर अजून आठवतो. पण तो इटर्निया ग्रहावरचा. टीव्ही बंद केला की संपला. त्याच पिढीच्या आईवडिलांना धाक होता तो निळू फुले यांचा. धोतर, टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि संथ, खरखरीत आवाज. हा खलनायक गावातल्याच वाड्यात राहायचा.

पडद्याबाहेरचा माणूस मात्र अगदी उलटा होता.

माळीकाम ते रंगभूमी

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० चा. तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलात रमले आणि पोटासाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करू लागले. सेवा दलाच्या कलापथकातून ते लोकनाट्याकडे वळले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणलं.

१९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये ते सखाराम झाले. नाटकावर बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि बंदी उठली.

'सामना' वेगळा का?

जब्बार पटेल यांच्या 'सामना'त (१९७५) फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. पटकथा तेंडुलकरांची. गावात आलेल्या दारुड्या म्हाताऱ्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) तो आपल्या वाड्यावर ठेवून घेतो, त्याची सगळी सोय करतो. इतका पाहुणचार करणाऱ्याला खलनायक म्हणायचं तरी कसं? पण मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि पाटलाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू आवळत जातं. फुले यांनी यात आरडाओरडा केलेला नाही. सत्ता अंगात मुरलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांना नेमकं उमगलं होतं.

बीड जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला हा पाटील समजावून सांगावा लागत नाही. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावांच्या या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोच्या जोडीने 'एक कोयता' म्हणून मोजून घ्यायचं आणि पट्टा पडेपर्यंत उचल फेडत राहायचं. सगळे चेअरमन हिंदुरावासारखे असतात असं नाही. पण ज्याच्या एका शब्दावर आपला हंगाम ठरतो, त्याच्या गोड बोलण्याचीही भीती वाटते. ती भीती कुठल्या परग्रहावरच्या राक्षसाला निर्माण करता आली नसती.

शिव्यांचं मानधन

फुले यांना पाहून बायाबापड्या खरोखर शिव्या घालत. अंगाने ते काही पहिलवान नव्हते. सगळा दरारा नजरेत आणि शब्द रेंगाळत टाकण्यात. मिमिक्री करणाऱ्यांनी पुढे त्यांना बाईला वाड्यावर बोलावण्याच्या एका वाक्यात कोंबलं, आणि तो अन्यायच आहे. अर्थात काही दोष सिनेमावाल्यांचाही. बाईवर नजर ठेवणारा तोच तो पाटील त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला गेला.

'सिंहासन'ने (१९७९) तो साचा मोडला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरच्या या चित्रपटात फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले: सत्तेचा खेळ जवळून पाहणारा आणि शेवटी त्याने भान हरपलेला. हिंदी प्रेक्षकांना ते 'सारांश' (१९८४) मधल्या राजकारण्यामुळे ठाऊक झाले.

पडद्यावर गावाला नागवणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीसोबत उभा होता. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे मदतप्रयोग झाले. त्यात डॉ. लागूंबरोबर फुलेही होते. 'सामना'तले मास्तर आणि पाटील इथे एकाच बाजूला होते.

१९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचं निधन झालं.