बाबासाहेबांचं शिक्षण इंटरवरच थांबलं असतं तर?

चंद्रपूर : १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात अनुयायांना धम्मदीक्षा दिली. पण या महामानवाचंही शिक्षण पैशापायी अडलं होतं.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. तेव्हा पदवीआधी कॉलेजात 'इंटर' पास करावं लागे, आताच्या अकरावी-बारावीसारखं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी इंटर केलं, अन् वडील रामजींजवळचे पैसे संपले. केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बीए झालं, अन् १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पोचले.

आपल्या गावातलं कोणतं लेकरू बारावीवर अडलं असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्याच्यासोबत जा. केळुसकर गुरुजींनी तेच केलं होतं.