तृप्ती मित्रा

कोलकात्याने तृप्ती भादुरी यांना ओळखले ते भुकेच्या दिवसांत. १९२५ साली ठाकूरगाव येथे जन्मलेल्या या तरुणीने १९४३च्या दुष्काळावरील ‘नवान्न’ नाटकात भूमिका केली. पुढे त्याच व्यथेवरील ‘धरती के लाल’ या अब्बास यांच्या हिंदी चित्रपटातही त्या झळकल्या. १९४५ मध्ये शंभू मित्रा यांच्याशी विवाह झाला आणि ‘बहुरूपी’ ही नाट्यसंस्था त्यांची कर्मभूमी ठरली. (तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बंगालीत आणणारी हीच संस्था.)

रवींद्रनाथांचे ‘रक्तकरबी’, म्हणजे तांबडी कण्हेर, रंगमंचावर उभे राहणे कठीण, असा जाणकारांचाही समज होता. १९५४ साली तृप्तीबाईंची नंदिनी अवतरली आणि तो गळून पडला. समीक्षकांनी मुक्तकंठाने गौरव केला. पण त्या नंदिनीतच अडकून राहिल्या नाहीत, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ‘पुतुल खेला’त इब्सेनच्या नोराला त्यांनी बंगाली गृहिणीचे रूप दिले, ‘डाकघर’ दिग्दर्शित केले, ‘अपराजिता’चा सारा भार एकटीने पेलला. चित्रपट मोजकेच, त्यांतला ऋत्विक घटकांचा ‘जुक्ती तक्को आर गप्पो’ आजही पाहता येतो. नंदिनी मात्र तेव्हाच्या प्रेक्षकांनाच लाभली.

१९६२ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७१ मध्ये पद्मश्री. २४ मे १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.